गाडीची वही कुणाकडे? सटाण्यातून पाहिलेला सर्व्हिसिंगचा इतिहास

माझं संशोधन दुरुस्तीच्या इतिहासावर आहे असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग तुम्हीच सांगा, गाडी कंपनीत सर्व्हिसिंगला टाकावी की आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे?" प्रश्न निम्मा चेष्टेत असतो. पण तो माझ्या प्रबंधाच्या बरोबर मध्यावर येऊन बसतो, म्हणून आज त्याच्यावरच लिहितो.

सटाण्यात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त टोचतो. सटाणा हे बागलाण तालुक्याचं ठिकाण. इथून मालेगाव पस्तीसेक किलोमीटर, नाशिक नव्वदेक. ज्या कंपनीचं केंद्र गावात नाही, तिची गाडी घेतलेल्या माणसाला एका ऑईल बदलासाठी अख्खा दिवस मोडावा लागतो. कांदा किंवा डाळिंब बाजारात न्यायच्या दिवसांत पिकअप एक दिवस बाहेर गेली तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. उलट गावातल्या गॅरेजात सकाळी टाकलेली गाडी दुपारी हातात येते, पण मनात पाल चुकचुकत राहते: वॉरंटी जाईल का? टाकलेलं ऑईल खरं होतं का? पुढे विकताना गिऱ्हाईक "कंपनी रेकॉर्ड दाखवा" म्हणालं तर?

यात पैसा, वेळ आणि विश्वास या तिन्ही गोष्टी आहेत. पण इतिहासाच्या अंगाने बघितलं तर याच्या तळाशी वेगळाच प्रश्न सापडतो. गाडीला आजवर काय काय झालं, काय बदललं, कधी बदललं, ही आठवण कुणाकडे राहते? माझं म्हणणं असं की सर्व्हिसिंगची जागा निवडणं म्हणजे गाडीची वही कुणाच्या ताब्यात द्यायची ते निवडणं. ही वही आजवर तीनदा हात बदलून गेली आहे.

बलुत्यातली सर्व्हिस

मोटार यायच्या आधी गाडी म्हणजे बैलगाडी. तिलाही देखभाल लागायचीच. चाकाचे आरे सैल व्हायचे, लोखंडी धाव उन्हाळ्यात लाकूड आटलं की ढिली पडायची. धाव बसवणं हे मोठं काम. गोवऱ्यांच्या आगीत ती लालभडक तापवायची, म्हणजे ती पसरते, मग चाकावर चढवून वर पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि सगळं चाक घट्ट धरतं. आसाला तेलकट वंगण घालायचं काम मात्र गाडीवान स्वतःच करायचा. आज आपण गॅरेजात 'वंगण' म्हणतो तो शब्द तिथलाच. मोडल्यावर दुरुस्त करणं वेगळं आणि मोडू नये म्हणून आधीच वंगण घालणं वेगळं, हा फरक आपल्या लोकांना मोटारीने शिकवलेला नाही.

सुताराला आणि लोहाराला प्रत्येक कामाचे पैसे मिळत नसत. त्यांना सुगीला धान्य मिळे, तेच बलुतं. वर्षभराची किरकोळ दुरुस्ती त्यातच. लाकूड-लोखंड शेतकऱ्याचं, हात बलुतेदाराचा, आणि नवी गाडी घडवायची तर वेगळी मजुरी. आजच्या भाषेत याला वार्षिक देखभाल करार म्हणता येईल. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' (१९१५) हे या व्यवस्थेवरचं मराठीतलं महत्त्वाचं पुस्तक. ही व्यवस्था आतून कशी कुरकुरत होती, तेही त्यात दिसतं.

या जुन्या व्यवस्थेचं गोड चित्र रंगवायचा मोह टाळायला हवा, कारण तिच्यात निवड नव्हती. शेतकऱ्याला दुसऱ्या गावच्या सुताराकडे सहज जाता येत नसे आणि सुतारालाही गिऱ्हाईक निवडता येत नसे. जातीने काम ठरलेलं आणि कामाने जात ठरलेली. गाडीची आठवण सुताराच्या डोक्यात असे, कारण ती गाडी त्याच्या किंवा त्याच्या बापाच्या हातून उतरलेली असे. पण ती आठवण दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती. म्हणजे "सर्व्हिसिंग कुठे करावं?" हा प्रश्न त्या काळात जवळजवळ विचारताच येत नसे. तो पडायला लागला हेच मुळात एक ऐतिहासिक पाऊल आहे.

मिस्त्रीचं डोकं हीच वही

स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या बाबतीत सरकारने एक निर्णय घेतला, आणि त्याचा परिणाम गॅरेजवर किती खोल झाला याकडे सहसा लक्ष जात नाही. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्या कंपन्या इथे खरोखर उत्पादन करतील त्यांनाच राहू द्यावं, नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना नको. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता. तो बंद झाला, फोर्डही गेली. उरल्या त्या मुख्यतः हिंदुस्तान मोटर्स, वालचंद हिराचंद यांनी उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासची स्टँडर्ड. जीपच्या बाजूला महिंद्रा.

गाड्यांचे प्रकार मोजके आणि त्यांची रचना वर्षानुवर्षं तीच. अ‍ॅम्बॅसॅडर १९५० च्या दशकाच्या शेवटी आली आणि तिचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. याचा अर्थ गॅरेजच्या अंगाने बघा. एखादा पोऱ्या बारा-तेरा वर्षांचा असताना उस्तादाच्या हाताखाली लागला, रॉकेलमध्ये पार्ट धुता धुता इंजिन शिकला, तर ते शिक्षण त्याला म्हातारपणापर्यंत पुरत होतं. ग्राहकाला नवी गाडी न मिळण्याचा जो ताप होता, तोच मिस्त्रीच्या ज्ञानाचा आधार होता.

त्या गाड्यांना हातही सारखा लागायचा. ग्रीस गनने सांध्यांना ग्रीस भरायचं, प्लग साफ करायचे, सीबी पॉईंट घासायचे, टॅपेट सेट करायचे, कार्बोरेटर कानाने ट्यून करायचा. 'कानाने' हा शब्द मुद्दाम वापरतोय. आवाजावरून दोष ओळखणं ही खरी विद्या होती आणि ती कुठल्याही कागदावर उतरत नव्हती.

नाशिक जिल्ह्यात या विद्येला दोन-तीन पक्के खांब मिळाले. पहिला एसटीचा. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली बस सुटली, आणि पुढे तालुक्या-तालुक्यात आगारं झाली, तसं सटाण्यालाही झालं. आगार म्हणजे नुसता बसस्टँड नव्हे. तिथे कार्यशाळा असते, आणि बस बंद पडेपर्यंत वाट न पाहता ठरलेल्या मुदतीला ती तपासायची ही शिस्त असते. तालुक्याच्या गावात 'वेळापत्रकाने देखभाल' ही कल्पना सरकारी लाल गाडीने रुजवली असं मला वाटतं. दुसरा खांब आयटीआय आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. जातीच्या, उस्तादाच्या ओळखीच्या बाहेरच्या मुलालाही त्यामुळे पाना हातात घेता आला. तिसरा खांब कारखान्यांचा. सत्तरच्या दशकात नाशिकला सातपूरला मायको म्हणजे आजची बॉश डिझेलचे नोझल बनवत होती, ऐंशीच्या दशकात महिंद्राचा कारखाना आला. मायको सर्कल हे नाव नाशिककरांच्या तोंडी अजून आहे.

मग गिऱ्हाईक मिस्त्री निवडायचा कसा? "त्याचा हात चांगला आहे" एवढ्यावर. शब्द पसरायचा चहाच्या टपरीवर, काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरांमध्ये. पैसे बऱ्याचदा उधारीवर. "कांद्याची पट्टी आली की देतो" हे वाक्य बलुत्याच्या सुगीशी किती जवळचं आहे बघा. फरक एवढाच की इथे दोघांनाही दुसरीकडे जायची मोकळीक होती.

पण या काळाचीही काळी बाजू होती. बिल कच्चं किंवा नाहीच. 'कंपनीचा' म्हणून कोणता पार्ट बसला हे मालकाला कळायचा मार्ग नाही. पोऱ्याच्या बालपणाचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. आणि गाडीचा सगळा इतिहास मिस्त्रीच्या डोक्यात. मिस्त्री गाव सोडून गेला किंवा वारला की तो इतिहासही गेला.

१९८३ आणि छापील पुस्तिका

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते देण्यात आली. मारुती ८०० चं वर्णन नेहमी 'मध्यमवर्गाची गाडी' असं होतं, ते बरोबरच आहे. माझ्या विषयाला मात्र गाडीइतकीच तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातली पुस्तिका महत्त्वाची वाटते. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, काय बदलायचं याचा तक्ता त्यात होता. मोफत सर्व्हिसची कुपनं होती. अधिकृत केंद्राच्या शिक्क्यासाठी चौकोन होते.

हे चौकोन नीट बघा. शिक्का कुणाचा चालेल हे कंपनीने ठरवलं होतं. गाडीची आठवण पहिल्यांदाच कागदावर आली, ही मोठीच सोय. मालक कुठल्याही शहरात गेला तरी ती सोबत राहणार. पण त्या कागदावर लिहायचा अधिकार गावातल्या मिस्त्रीला नव्हता. त्याने कितीही चोख काम केलं तरी चौकोन कोराच राहायचा, आणि कोरा चौकोन म्हणजे 'सर्व्हिस झाली नाही'. गॅरेजच्या इतिहासातला हा सगळ्यात शांत बदल असावा. कुणाचं दुकान बंद झालं नाही, कुणी संप केला नाही. फक्त 'नोंद' या शब्दाचा अर्थ बदलला.

१९९१ नंतर आणि विशेषतः १९९३ ला मोटार उद्योग परवानामुक्त झाल्यावर गाड्यांचे प्रकार भराभर वाढले. एक रचना शिकून आयुष्य काढायचे दिवस संपले. कार्बोरेटर गेला, इंधन फवारणारं इलेक्ट्रॉनिक तंत्र आलं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. आता डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो तुंबला की काय झालंय ते कानाने कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. म्हणजे वही तिसऱ्यांदा सरकली: डोक्यातून कागदावर आणि कागदावरून कॉम्प्युटरमध्ये. काही भाग गाडीतल्या कॉम्प्युटरमध्ये, काही कंपनीच्या. ती वाचायची किल्ली, म्हणजे स्कॅनर आणि त्याचं सॉफ्टवेअर, कुणाला द्यायची हे पुन्हा कंपनीच ठरवणार.

आयोगापुढे गेलेला प्रश्न

हा प्रश्न २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला. शमशेर कटारिया यांची तक्रार सुरुवातीला तीन कंपन्यांविरुद्ध होती, चौकशीत ती वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला.

त्यातला युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. गाडी विकत घेताना तुमच्यापुढे दहा कंपन्या असतात, तिथे स्पर्धा आहे. पण एकदा गाडी घेतली की तिचा पार्ट दुसऱ्या कंपनीचा चालत नाही. म्हणजे सुट्या भागांच्या बाजारात प्रत्येक कंपनी आपापल्या गाडीपुरती मक्तेदार आहे. या मक्तेदारीच्या जोरावर खरे सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न मिळू देणं हा आयोगाच्या मते कायद्याचा भंग होता.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वॉरंटीचा. बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट घालू नये, असं आयोगाने सांगितलं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यातल्या काहींच्या बाबतीत मूळ निष्कर्ष कायम ठेवले, दंडाचा हिशेब मात्र सुट्या भागांच्या विक्रीपुरता केला. त्यानंतरही कोर्टकचेरी थांबली नाही.

बाहेरही हे भांडण जुनं आहे. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्याने, ठराविक ब्रँडचाच पार्ट किंवा ठराविक ठिकाणचीच सेवा घ्या अशी अट वॉरंटीला जोडायला सर्वसाधारणपणे मनाई केली. युरोपीय संघाने २००२ च्या नियमांनी स्वतंत्र गॅरेजांना तांत्रिक माहिती मिळण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला 'दुरुस्तीचा हक्क' हे पोर्टल सुरू केलं. निवड असणं ही चैन नसून हक्क आहे, हे कायद्याच्या भाषेत यायला आपल्याकडे एवढी वर्षं लागली.

मग गाडी टाकायची कुठे?

इतिहासाचा विद्यार्थी गॅरेजचा पत्ता देऊ शकत नाही. पण हा सगळा प्रवास बघून निवडीचे काही निकष नक्की काढता येतात.

गाडी वॉरंटीत असेपर्यंत मोफत सर्व्हिस कंपनीत करून घेणं शहाणपणाचं, त्यासाठी मालेगाव-नाशिकची फेरी पडली तरी. कागदावर हक्क असणं आणि तो काउंटरवर उभं राहून वसूल करणं यात बरंच अंतर असतं, आणि सटाण्याच्या माणसासाठी ते अंतर अक्षरशः किलोमीटरमध्ये मोजायचं असतं. जमलं तर फेरी बिगर हंगामात बसवावी. पुस्तिकेत महिने आणि किलोमीटर दोन्ही दिलेले असतात, त्यामुळे तारीख आधी काढून ठेवता येते.

वॉरंटी संपल्यावर मात्र काम बघून जागा ठरवावी. ऑईल, फिल्टर, ब्रेक पॅड, कूलंट ही कामं जाणता मिस्त्री गावातच नीट करू शकतो. फक्त ऑईलचा ग्रेड पुस्तिकेत दिलाय तोच हवा, आणि डबा आपल्यासमोर फुटला पाहिजे. काढलेला जुना पार्ट परत मागावा. चांगला मिस्त्री याचा राग मानत नाही. स्कॅनर लागणारं काम असेल तर "तुमच्याकडे या गाडीचा स्कॅनर आहे का?" असं सरळ विचारावं. "नाही, हे नाशिकला न्या" असं जो मिस्त्री सांगतो, त्याच्याकडे बाकीची कामं निर्धास्त द्यावीत.

अजून एक. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद केली आहे. तुमची गाडी अशा रिकॉलमध्ये असेल तर ते काम कंपनी फुकट करते, मग सर्व्हिसिंग तुम्ही कुठेही करत असा. बाहेर सर्व्हिसिंग करणाऱ्यापर्यंत हा निरोप कधी कधी पोचत नाही, म्हणून चॅसी नंबर टाकून कंपनीच्या वेबसाइटवर अधूनमधून बघत जा.

आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निकष: वही स्वतःकडे ठेवा. साधी शंभर पानी. तारीख, मीटरचं रीडिंग, काय बदललं, कुणी बदललं, किती पैसे. सोबत पक्की बिलं, आणि तीही मीटर रीडिंग लिहिलेली. सुताराच्या डोक्यातली आठवण त्याच्याबरोबर गेली, मिस्त्रीच्या डोक्यातली त्याच्याबरोबर, कंपनीच्या कॉम्प्युटरमधली कंपनीच्या मर्जीवर. तिन्ही काळांत गाडीच्या मालकाकडे गाडी होती, पण तिचा इतिहास नव्हता. तो हातात असला की तुम्ही मिस्त्री बदलू शकता, कंपनीकडे भांडू शकता, गाडी विकताना चार पैसे जास्त मागू शकता. निवड तेव्हाच खरी होते.

जाता जाता एक विनंती. बागलाण, देवळा, कळवण, मालेगाव या भागात कुणाच्या घरी जुन्या गॅरेजची उधारीची वही, एखादं जॉब कार्ड, फियाट किंवा जीपची शिक्के मारलेली पुस्तिका पडून असेल, तर ती रद्दीत घालू नका. सरकारी दफ्तरखान्यात गाड्यांच्या नोंदण्या मिळतात, पण त्या गाड्या कुणी चालत्या ठेवल्या ते तिथे मिळत नाही. ते तेलाचे डाग पडलेल्या या वह्यांमध्येच आहे. पुढच्या लेखात सुट्या भागांकडे वळणार आहे: 'ओरिजिनल', 'लोकल' आणि 'डुप्लिकेट' हे तीन शब्द गॅरेजात नेमक्या कोणत्या अर्थाने वापरले जातात, त्यावर लिहीन.